आवाज जरा लहान ठेवा
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मी तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, म्हणून सेक्रेटरींनी मला हा विषय दिला. टीव्ही म्हणजे तीन गोष्टी: यंत्र, माध्यम आणि धंदा.

आधी यंत्र. आपण १९८१ साली इथे राहायला आलो, तेव्हा मुंबई दूरदर्शनला नऊ वर्षं झाली होती. अँटेना वरळीकडे वळवायचा, तर एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक सेटपुढे. “आलं का?” “आलं, आलं... गेलं!” चित्र दिसायला तीन माणसं लागत.

मग माध्यम. १९८२ च्या एशियाडला रंग आले, १९८४ मध्ये ‘हम लोग’, १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’. ज्यांच्याकडे सेट, त्यांचं दार उघडं आणि चपलांची रांग जिन्यापर्यंत!

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आणि केबल आली. वायर घरोघर गेली, दारं लागली. जाहिराती दूरदर्शनवर १९७६ पासूनच होत्या, पण आता धंदा खरा वाढला. आपल्याला वाटतं, केबलवाल्याला पैसे देतो म्हणजे गिऱ्हाईक आपण. तसं नाही. गिऱ्हाईक जाहिरातदार, आणि त्याला विकतात तो आपला वेळ. निवडक घरांत मीटर बसवून टीआरपी काढतात, कोण किती वेळ बघतं ते मोजतात. म्हणून तर मालिका नेमकी अशा जागी थांबते की उठवत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. तरी दोन वर्षांपूर्वी मॅच चालू असताना माझी आई बाथरूममध्ये पडली, हाका मारत राहिली आणि दहा फुटांवर बसून मला ऐकू आलं नाही. हाक ऐकली ती भिंतीपलीकडच्या वहिनींनी. त्यांच्याकडे त्या दिवशी शांतता होती, कारण त्यांचा सेट माझ्याच दुकानात दुरुस्तीला पडला होता.

आई आज वॉकर घेऊन पहिल्या रांगेत बसली आहे. तिनं मला कधी बोल लावला नाही. म्हणून मीच चारचौघांत सांगतो.

टीव्ही बंद करा असं मी म्हणणार नाही, माझं घर त्याच्यावरच चाललं. एवढंच सांगतो, आपल्या प्रत्येक मजल्यावर एकतरी म्हातारं माणूस आहे. त्याची हाक ऐकू येईल इतपतच आवाज ठेवा.