साठा संपेपर्यंत



एखादी कंपनी नवा माल आणते तेव्हा ढोल वाजतात. माल बंद करते तेव्हा मात्र दोन ओळींत काम उरकतं. 26 एप्रिल 2018 रोजी अमेरिकेच्या ॲपल कंपनीने असंच उरकलं. एअरपोर्ट नावाची आमची घरगुती वायफाय यंत्रं आता बंद, दुकानांत साठा आहे तोवर मिळतील, एवढंच सांगितलं. यंत्रं तीन होती. एअरपोर्ट एक्सप्रेस आणि एअरपोर्ट एक्स्ट्रीम हे नुसते राउटर, म्हणजे तारेने आलेलं इंटरनेट घरभर बिनतारी पसरवणारे डबे. तिसरं टाइम कॅप्सूल. त्याच्या पोटात राउटर होताच, शिवाय एक हार्ड डिस्क होती. घरातल्या संगणकात जे काही नवं साठेल, त्याची प्रत दर तासाला तिच्यात आपोआप उतरायची.

आता शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीत हे ऐकणारे कुणी आबा म्हणतील, भाऊ, त्यापेक्षा पपईच्या भावाचं बोल. रास्त आहे. हे डबे आपल्या गावात कुणी पाहिले असतील असं मलाही वाटत नाही. पण त्या तिसऱ्या डब्याची गोष्ट आपल्या खिशातल्या फोनपर्यंत येऊन पोहोचते, म्हणून सांगतो.

सुरुवात मोठी झोकात झाली होती. जुलै 1999, न्यूयॉर्क. व्यासपीठावर स्टीव्ह जॉब्ज यांनी आयबुक हा नवा लॅपटॉप हातात धरून इंटरनेट चालवून दाखवलं आणि तार कुठे लपवलेली नाही हे पटवण्यासाठी त्याच्याभोवतून चक्क एक मोठं कडं फिरवलं. जादूगार फिरवतात तसंच. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पहिल्या एअरपोर्ट डब्याची किंमत तेव्हा 299 डॉलर होती. आपल्याकडे मात्र ज्या लहरींवर हा खेळ चालतो, तो 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने परवान्याविना वापरायला पूर्ण मोकळा केला, तो 2005 मध्ये.

पुढे राउटर बनवणाऱ्या कंपन्या उदंड झाल्या. इंटरनेट देणारेच जोडणीसोबत आपला डबा भिंतीला ठोकून जाऊ लागले. ॲपलने 2013 नंतर नवं मॉडेल काढलंच नाही. या कामावरची माणसं दुसरीकडे हलवली, अशी बातमी नोव्हेंबर 2016 मध्ये आली. म्हणजे 2018 चं निवेदन हा तेराव्याचा कार्यक्रम म्हणायचा. जीव आधीच गेला होता.

आणि निवेदनानंतरही यंत्रं चालूच राहिली. यात गोम अशी की राउटर हाही एक छोटा संगणक असतो. त्यातल्या प्रणालीत भोकं सापडत राहतात आणि ती कुणीतरी सतत बुजवत राहावी लागतात. त्याच वर्षी मे महिन्यात जगभरातल्या काही लाख राउटरांमध्ये शिरलेला एक घातक प्रोग्राम उघडकीस आला. वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर त्यात होते. अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना सांगितलं, घरातला राउटर एकदा बंद करून चालू करा. ॲपलने आपल्या बंद केलेल्या डब्यांसाठी 2019 च्या मे-जूनमध्ये दुरुस्त्या दिल्या, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. राउटरचं दुःख इथे संपतं. जुना झाला, दुरुस्त्या थांबल्या, बदलून टाकला. त्यात आपलं काही साठलेलं नसतं.

टाइम कॅप्सूलचं तसं नाही. त्यात माणसाची वर्षं असतात: लग्नाचे फोटो, हिशेब, मुलांची प्रशस्तिपत्रं. आणि हे यंत्र तसं नाजूकच. 2008 च्या पहिल्या खेपेतल्या बऱ्याच डब्यांचा वीजपुरवठ्याचा भाग दीड-दोन वर्षांत निकामी व्हायला लागला. 2010 मध्ये कंपनीने त्या खेपेचे ठरावीक डबे फुकट दुरुस्त करून किंवा बदलून दिले. वैशाखात आपल्याकडच्या पत्र्याच्या खोलीत त्याचं काय झालं असतं, कल्पना करा. ज्यांचे डबे टिकले त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न आहे. संगणकाशी बोलायला हे यंत्र एएफपी नावाची जुनी पद्धत वापरतं, आणि 2025 मध्ये ॲपलने कळवलं की ही पद्धत पुढे संगणकातून काढून टाकली जाणार. मग डबा चालू, दिवा लागलेला, आत सगळं शाबूत, पण नवा संगणक त्याला ओळख द्यायला तयार नाही.

आपल्याकडे असं काही झालंच नाही असं समजू नका. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्सचा 501 रुपयांत हाती पडणारा मोबाइल आठवतो? त्या सीडीएमए फोनात सिमकार्डच नसे. नंबरही फोनात, नातेवाइकांचे पत्तेही फोनात. पुढे ती सेवा आवरती घेतली गेली आणि डिसेंबर 2017 पासून रिलायन्स कम्युनिकेशन्सची बोलण्याची सोयच थांबली. त्यातले नंबर ज्यांनी वहीत उतरवले होते, त्यांचं निभावलं.

आज तर सगळंच फोनात गेलंय. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी दिलं गेलं, ते आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. ॲपलच्या निवेदनानंतर पाचव्या दिवशी, 1 मे 2018 ला, महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. या दोन कागदांची मला चिंता नाही. मूळ नोंद सरकारकडे आहे, पुन्हा काढता येते. चिंता आहे ती व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या काट्याच्या पावतीची, बांधाच्या मोजणीच्या फोटोची, उसनवारीच्या निरोपाची. हे फक्त तुमच्या फोनात असतं, आणि फोन विहिरीत पडला की वाद पंचांपुढे न्यायला पुरावाच उरत नाही.

मग कुणी म्हणतं, आमचं सगळं गूगलवर आहे. असू द्या. पण गूगल फोटोजमध्ये हवे तेवढे फोटो फुकट ठेवायची सोयसुद्धा 1 जून 2021 पासून गेली. आता 15 जीबी भरलं की पैसे मोजा. टाइम कॅप्सूलमध्ये एकदा पैसे टाकले की प्रत आपल्या घरात, आपल्या कपाटावर असे. आता प्रत कंपनीच्या घरात आणि भाडं दरमहा आपल्याकडून. कंपन्यांनी घरातला डबा सोडून दिला त्यामागे हा हिशेब नसेल, असं मला तरी वाटत नाही.

जुने शेतकरी पेरणीचं सगळं बियाणं एका कणगीत ठेवत नसत. तेवढंच इथे करायचं आहे. एक प्रत फोनात, एक साध्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा लेकीकडे. डिस्क कुठल्याही कंपनीची चालेल, फक्त कुठल्याही संगणकावर उघडायला हवी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, ती उघडून बघा. न उघडता नुसती जपलेली डिस्क ऐन वेळी दगा देते.

आणि पुण्या-मुंबईत किंवा अमेरिकेत असलेल्या मुलाकडे खरोखरच टाइम कॅप्सूल असेल, तर त्याला कळवा: आतली डिस्क साधीच असते. जाणकार दुरुस्तीवाला ती काढून वेगळ्या खोक्यात बसवू शकतो आणि ॲपलच्या संगणकाला तारेने जोडली की प्रती बहुधा वाचता येतात. भंगारात देण्याआधी मात्र ती पूर्ण पुसायची. जुना फोन बाजारात विकतानाही तेच करा, आणि त्याआधी काट्याच्या पावत्या उतरवून घ्या.