दांतांतील भरणाची कठिनता

पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यांत दांत भरून घेणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. सकाळच्या पाळीला कारखान्यांत जाणारा कामगार, डहाणूहून येणाऱ्या लोकलनें मुंबई गांठणारा कारकून, शाळेंतून परस्पर दवाखान्यांत आणलेलें मूल, सर्वांचा डॉक्टरांना प्रश्न एकच: हें भरण किती वर्षें टिकेल? या प्रश्नाचें उत्तर लोक मालाच्या नांवांत आणि किंमतींत शोधतात. वास्तविक तें बव्हंशीं खुर्चींत बसल्यानंतरच्या दहापांच मिनिटांत ठरत असतें. एकाच डबींतील माल एकाच्या दाढेंत दगडासारखा बसतो आणि दुसऱ्याच्या दाढेंत थोड्याच दिवसांत झिजून तेथें खळगा पडतो. असें कां व्हावें?

प्रथम कठिनता मोजावी कशी तें पाहूं. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यानें १८१२ सालीं दहा खनिजें मऊपासून कठीणापर्यंत ओळीनें लावलीं. शंखजिरें पहिलें, हिरा दहावा. पांचव्या पायरीवर ॲपेटाइट नांवाचें खनिज येतें, आणि दांताचें पांढरें कवच, ज्याला दंतवल्क म्हणतात, तें याच जातीच्या द्रव्याचें घडलेलें आहे. वाळूंतील गारेची पायरी सातवी. किनाऱ्यावर वाळवलेल्या मासळीबरोबर वाळूचे कण तोंडांत गेले, किंवा जात्याच्या पिठांत कच आली, तर कवच व भरण दोन्ही कां झिजतात, हें एवढ्यावरून उमगतें. कोळशाच्या भुकटीनें करकरून दांत घासणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

परंतु ओरखड्याची कसोटी स्थूल होय. अमेरिकेंत १९३९ सालीं नूप या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं हिऱ्याचें टोंक ठराविक वजनानें दाबून, उमटलेल्या खुणेची लांबी सूक्ष्मदर्शकाखालीं मोजण्याची रीत काढली. या मापानें दंतवल्काचा आंकडा सुमारें ३४०, त्याखालच्या पिवळसर थराचा सुमारें ७० आणि चांदीच्या भरणाचा ११० च्या आसपास येतो. निव्वळ ॲक्रिलिक विसाच्या घरांत राहतें. म्हणजे निसर्गानें दिलेल्या कवचाची बरोबरी यांपैकीं कोणासही साधलेली नाहीं!

लोक जिला ‘चांदी’ म्हणतात ती वस्तुतः चांदी, कथील, तांबें यांच्या मिश्र चूर्णांत जवळजवळ तितकाच पारा घोटून केलेली असते. १८९५ च्या सुमारास जी. व्ही. ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्यानें तिचें प्रमाण शास्त्रशुद्ध केलें. पूर्वीं ती लहानशा खलांत घोटीत आणि जादा पारा फडक्यांतून पिळून काढीत. पारा उरला तर भरण मऊ. घोटणी अपुरी झाली किंवा ठांसतांना हात हलका पडला तरीही मऊ. ज्या चूर्णांत जस्त असे त्याला ओल लागली, तर आंत वायु उत्पन्न होऊन कांहीं दिवसांनीं भरण फुगे. पहिल्या तासांत ही चांदी नाजुक असते व पुरती कठीण होण्यास दिवसभर लागतो; ‘आज या बाजूनें चावूं नका’ ही सूचना म्हणूनच असते. पाऱ्यासंबंधींच्या मिनामाता कराराला भारतानें २०१८ सालीं मान्यता दिल्यापासून या भरणाचा मार्ग उताराचा आहे.

आतां बहुतेकांना दांताच्या रंगाचें भरण हवें असतें. राफेल बोवेन यानें अमेरिकेंत १९६२ च्या सुमारास ज्याचा पाया घातला, तें हें रेझीन. त्यांत कांचेचे व सिलिकाचे अतिसूक्ष्म कण कालवलेले असतात. कण जितके अधिक, तितकी कठिनता अधिक. पण खरी गोम दिव्यांत आहे. या लगद्यांत एक पिवळें द्रव्य असतें. त्यावर विशिष्ट निळा प्रकाश पडला कीं लगदा घट्ट होऊं लागतो. प्रकाश आंत फार खोल जात नाहीं. म्हणून दोन मिलिमीटरांहून जाड थर एका वेळीं भरूं नये, असा सामान्य नियम आहे. दिव्याचें टोंक लांब धरलें, त्यावर पूर्वींच्या रेझीनचे कण चिकटून राहिले, बॅटरी उतरली किंवा वीस सेकंदांऐवजीं दहांतच काम उरकलें, तर वरचा पृष्ठभाग टणक आणि तळ कच्चा राहतो. तापल्या तव्यावर घाईनें भाजलेल्या भाकरीसारखा. दुर्दैव असें कीं सुईनें टोंचून पाहिलें तर ती वरच्या कठीण भागालाच लागते. तपासणींत कांहीं कळत नाहीं. पुढें कडेनें कीड शिरते तेव्हां उलगडा होतो. प्रयोगशाळांतून तळाची कठिनता वरच्या कठिनतेच्या शेंकडा ८० तरी असावी असा दंडक आहे. गडद छटेच्या रेझीनमधून प्रकाश आणखी कमी उतरतो. त्याला वेळ अधिक द्यावा लागतो. दिवसाला एकदां दिव्याची शक्ति मोजून पाहणारा दंतवैद्य हा, त्याची पाटी लहान असली तरी, भरंवशाचा समजावा.

सर्वांत वरची पातळ साय हवेंतील प्राणवायूमुळें चिकटच राहते, म्हणून शेवटीं घासून गुळगुळीत करणें हें नुसत्या शोभेसाठीं नसतें. लवंगेच्या तेलाचीही येथें आठवण ठेवावी. दाढ दुखूं लागली कीं तें लावणें घरोघर रूढ आहे. पण त्यांतील युजेनॉल रेझीनच्या घट्ट होण्यास अडथळा करतें. तें लावलें असेल, किंवा पूर्वीं लवंगतेलाचें तात्पुरतें सिमेंट भरलें असेल, तर डॉक्टरांना आधींच सांगावें. मद्यानें आणि आंबट पदार्थांनीं भरणाचा पृष्ठभाग मऊ पडतो. आम्लाच्या वाफेंत सतत काम करणाऱ्यांच्या पुढच्या दांतांचें कवचही झडतें. वसाहतींतील अशा कामगारांनीं तोंडावरचा पडदा कंटाळ्यानें काढूं नये.

मग सर्वांत कठीण तेंच सर्वांत उत्तम कां? तसेंही नाहीं. चिनीमातीची टोपी दंतवल्काहून कठीण असते, आणि ती खडबडीत राहिली तर समोरचा निरोगी दांत कानशीसारखी घासते. रात्रीं दांत खाणाऱ्या माणसाला हें विशेष बाधतें.

तारापूरला १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीज केंद्र चालू झालें; परंतु याच जिल्ह्यांतल्या जव्हार-मोखाड्याकडील पाड्यांवर यंत्राची खुर्ची व निळा दिवा नेणें आजही सोपें काम नव्हे. तेथें ग्लास आयोनोमर उपयोगी पडतें. लंडनमध्यें विल्सन व केंट यांनीं १९७० च्या आगेंमागें तें सिद्ध केलें: विशिष्ट कांचेची भुकटी आणि एक आम्ल. तें स्वतःच घट्ट होतें, विजेची गरज नाहीं. हातांतल्या हत्यारांनीं कीड खरवडून तें बोटानें दाबून बसविण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकांत टांझानियांत निघाली, आणि १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तिचा पुरस्कार केला. पथ्यें मात्र कडक आहेत. घोटायला सोपें जावें म्हणून भुकटी कमी घातली तर भरण कायमचें मऊ होतें. उन्हाळ्यांत तें हातांतच आळतें. म्हणून घोटण्याची कांच थंड करतात. पण पावसाळ्यांत, किनाऱ्याच्या दमट हवेंत, ती फार थंड केली तर तिच्यावर दंव धरतें आणि तें पाणी मिश्रणांत जातें. बाटलीचें झांकण उघडें राहिलें तरी भुकटी ओल ओढून घेतेच. बसविल्यावर पहिलीं कांहीं मिनिटें त्याला लाळही लागूं द्यावयाची नाहीं आणि तें कोरडेंही पडूं द्यावयाचें नाहीं; यासाठीं वर व्हॅसलीनचा हात फिरवितात. मुलाला तासभर खाऊं देऊं नये. त्यानंतर त्यानें नेहमींची भाकरी खुशाल खावी; या भरणाची कठिनता पुढें कित्येक आठवडे हळूहळू वाढतच असते.