घरातील अडगळ आणि घरातील बालक



घर आवरणे हा विषय व्यासपीठावरून मांडण्याजोगा आहे काय, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. हे काम पिढ्यान्‌पिढ्या गृहिणींवर सोपवून पुरुषवर्ग मोकळा झालेला आहे. दुकानातील माल वर्षातून एकदा तरी मोजला जातो. कोणता तागा किती वर्षे फळीवर पडून आहे, कोणत्या मालात पैसा अडकला आहे, याचा हिशेब ३१ मार्चला प्रत्येक व्यापाऱ्यास मांडावाच लागतो. तोच व्यापारी स्वतःच्या घरातील माळ्यावर काय काय आहे, हे मात्र सांगू शकत नाही. घरात केवळ मोठी माणसे असतील तोवर हे खपून जाते. ज्या दिवशी घरातले मूल रांगू लागते, त्या दिवशी जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतचे सारे जग त्याच्या ताब्यात जाते, आणि पलंगाखाली, कपाटामागे, पडवीच्या कोपऱ्यात काय आहे याचा शोध घरातील सर्वांच्या आधी ते घेते.

चौक हे जुन्या मुंबई-पुणे मार्गावरील, खालापूर तालुक्यातील गाव. शेजारी इरशाळगड, पलीकडे माथेरानचा डोंगर आणि चार महिने संततधार. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा मुलखात साठवण ही हौस नव्हती, गरज होती. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी आणि वर माळा अशा जुन्या घरात वैशाख संपण्यापूर्वी चार महिन्यांचे सरपण, शेणी, तांदूळ, कडधान्ये, पापड-कुरडया, सुकवलेली चिंच, आमसुले हे सारे भरून ठेवावे लागे. वाट बंद झाली, नदीनाल्यांना पूर आला, तरी घर उपाशी राहता कामा नये, हा त्यामागील हेतू. या साठवणीचा एक गुण मात्र सहसा कुणी ध्यानात घेत नाही. ती संपत असे. दसऱ्यापर्यंत सरपण जळून जाई, कणगी तळाला जाई, माळा मोकळा होई आणि झाडून निघे.

आज घरोघरी गॅस आहे, रस्ता बारमाही आहे, किराणा दाराशी येतो. साठवणीचे कारण निघून गेले, सवय तेवढी राहिली. माळ्यावर आता मिक्सरचे आणि टीव्हीचे रिकामे खोके असतात, लग्नात आलेले काचेचे संच असतात, पाय मोडलेली प्लास्टिकची खुर्ची, बंद पडलेला कूलर, जुन्या वह्या आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या पिशव्यांनी भरलेली पिशवी असते. यांतील एकही वस्तू दसऱ्यापर्यंत संपणारी नाही. जुन्या घराची अडगळ आणि नव्या घराची अडगळ यांत हाच मूलभूत भेद आहे.

ही अडगळ केवळ डोळ्यांना खुपते असे नाही. याच रायगड जिल्ह्यात, महाडच्या परिसरात, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपले आयुष्य ज्या प्रश्नाला वाहिले, तो या ठिकाणी आठवणे क्रमप्राप्त आहे. १९७६ पासून महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना त्यांच्यासमोर विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेले रुग्ण येत. त्यांत लहान मुले मोठ्या संख्येने असत. कोकणातील लाल विंचू दिसावयास लहान, परंतु त्याचे विष हृदयावर आघात करते. दंशानंतर मुलाला दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, नाडीची गती बिघडते आणि पुढे फुफ्फुसात पाणी होऊन तोंडाला फेस येतो. त्या काळी खेडोपाडी यावर मंत्र, अंगारा आणि झाडपाला हेच उपाय चालत. डॉ. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांची तपशीलवार नोंद करीत. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावर दिले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध या विषबाधेवर गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. गंभीर विषबाधेत तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे सुमारे एक टक्क्यापर्यंत खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातील साध्या आरोग्य केंद्रातून एवढे मोठे संशोधन उभे राहावे, ही जिल्ह्याला भूषणावह गोष्ट होय.

औषध सापडले म्हणून विंचू नाहीसा झाला असे मात्र नव्हे. तो निशाचर आहे. दिवसा त्यास अंधारी, कोरडी, निवांत जागा हवी असते, आणि ती माणूसच त्याला पुरवतो. विटा-कौलांचा ढीग, लाकडे, शेणीची रास, भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी दारे, जमिनीवर पडलेले कपडे, न वापरलेले बूट, भिंतीला चिकटलेले अंथरूण, पुठ्ठ्याची खोकी या त्याच्या वसाहती. विशेषतः उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर तो बाहेर पडतो. मोठ्या माणसाला बूट झटकून घालण्याची सवय लावता येते, खोक्यात हात घालण्यापूर्वी आत पाहण्याची समज देता येते. चौदा महिन्यांच्या मुलाला ती कशी देणार? शिवाय जेवढे विष मोठ्या देहात जाते तेवढेच त्या इवल्या देहात जाते. म्हणून दंश झाला असे वाटले तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

येथे धर्माचरणाशी निगडित एक विचार सहज येतो. जैन शास्त्रांत विंचू हा चतुरिंद्रिय जीव मानला आहे. घरात विंचू निघाला, समोर मूल रांगत आहे, अशा वेळी चपलेकडे हात जाणार नाही असा गृहस्थ विरळा. हा प्रसंगच येऊ नये याची तजवीज आधी करणे, याचेच नाव जयणा. चातुर्मासापूर्वी घर झाडून, पुसून, धान्य निवडून, कोपरे मोकळे करण्याची जी प्रथा आहे, तिच्यामागे हीच दृष्टी आहे. जीव उत्पन्न होतील, आश्रय घेतील, अशी जागाच ठेवू नये, म्हणजे नंतर हिंसेचा प्रश्न उद्भवत नाही. माळा मोकळा केल्याने मूल वाचते आणि विंचूही वाचतो. परिग्रहाचे परिमाण हे व्रत सामान्यतः सोने, जमीन, धन यांच्या संदर्भात सांगितले जाते. तत्त्वार्थसूत्राने तर परिग्रहाचे मूळ वस्तूत नसून आसक्तीत आहे असे मानले आहे. त्या न्यायाने रिकाम्या खोक्याचाही परिग्रह असू शकतो, आणि सोन्यापेक्षा तो सोडवणे काही घरांत अधिक अवघड जाते.

विंचवाहून घातक अशा काही वस्तू तर माणूस स्वतःच्या हाताने खाली ठेवतो. शेतावर फवारावयाचे कीटकनाशक, तणनाशक, फरशी धुण्याचे ॲसिड, पूर्वी रॉकेल, हे शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवण्याची पद्धत अत्यंत निंद्य आहे. मूल बाटली ओळखते, आतील द्रव ओळखत नाही. असे द्रव मूळ बाटलीतच, कुलपात, उंचावर असावेत. मुलाने ते प्यायल्यास ओकारी काढण्याचा खटाटोप न करता, बाटली बरोबर घेऊन डॉक्टरांकडे धाव घ्यावी. रिमोटमधील आणि खेळण्यातील नाण्याएवढ्या चपट्या बॅटऱ्याही तशाच. अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी अवघ्या दोन तासांत आतून जखम करते. उभी कपाटे भिंतीला पक्की करावीत, कारण मूल खणांना पायऱ्या समजते.

आता मांडणीकडे वळू. घर आवरावयाचे म्हणजे सर्व काही मुलाच्या हातापासून दूर, उंचावर न्यावयाचे, असा समज आहे. तो निम्माच खरा. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. तेथे एकदा शिक्षिकेला येण्यास उशीर झाला आणि कपाटाला कुलूप लावावयाचे आदल्या दिवशी राहून गेले होते. मुलांनी कपाट उघडून आपापल्या आवडीचे साहित्य काढले आणि शांतपणे कामाला लागली. शिक्षिकेला ती चोरी वाटली. माँटेसरीबाईंनी मात्र त्यातून ओळखले, की मुलांना कोणती वस्तू कोठे असते हे ठाऊक आहे आणि निवड करण्याची त्यांची पात्रता आहे. तेव्हापासून उंच बंद कपाटांऐवजी मुलांच्या उंचीची उघडी कपाटे आली.

हाच विचार मराठी मुलखात ताराबाई मोडक यांनी रुजवला. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला काम करून त्या महाराष्ट्रात आल्या आणि १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये विस्तारले. माँटेसरीचे मूळ साहित्य महाग, ते खेड्यात कोठून आणावे? म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने या आसपास मिळणाऱ्या वस्तूंनी त्यांनी मुलांना शिकवले. आज घरोघरी प्लास्टिकच्या खेळण्यांचे ढीग पडलेले असताना हे उदाहरण पुन्हा पाहण्याजोगे आहे. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ३६ लहान मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिले. चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. तेव्हा चार-पाच खेळणी खालच्या फळीवर मांडावीत, बाकीची झाकून ठेवावीत आणि पंधरा दिवसांनी आलटून-पालटून काढावीत. मुलास ती नवीच वाटतात, खर्च काही होत नाही. फळीवर प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असली की दोन-अडीच वर्षांचे मूल ती जागेवर ठेवू लागते. मात्र पहिले काही दिवस ते ठेवण्याचे काम त्याच्या देखत आणि त्याच्याबरोबर वडीलधाऱ्यांनी करावे लागते. आजोबांचा चष्मा दररोज नव्या जागी सापडत असेल, तर नातवाकडून शिस्तीची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

कपड्यांच्या बाबतीत घराघरांत सर्वाधिक गोंधळ असतो. पहिल्या वर्षी मुलाच्या अंगाचे माप दर दोन-तीन महिन्यांनी बदलते, आणि नेमके त्याच वर्षी बारशाला, उष्टावणाला, वाढदिवसाला कपड्यांचा वर्षाव होतो. जरीचे, चमकीचे अंगरखे एकदा फोटोपुरते चढतात. मुलास लागतात ती मऊ सुती झबली, लंगोट, टोपडी आणि दुपटी. पूर्वी ही बाळंतविड्याची झबली-दुपटी आजीच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्यातून शिवली जात. उरलेल्या लुगड्यांची गोधडी होई, आणि त्यातूनही उरले तर बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्याचे पातेले घरी येई. व्यापारी दृष्टीने पाहता यापेक्षा चोख उलाढाल दुसरी नाही. नव्या कृत्रिम धाग्याच्या साडीची अशी गोधडी होत नाही, ती घाम शोषत नाही. कपडा घेतानाच त्याच्या दुसऱ्या जन्माचा विचार करणारी दृष्टी आता लोप पावली आहे, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

पावसाळ्यात या भागात कपाटातील कपड्यांना बुरशी येते, म्हणून डांबरगोळ्या टाकल्या जातात. त्या पांढऱ्या गोळ्या मुलांना पेपरमिंटसारख्या दिसतात. शिवाय काही बालकांच्या रक्तात जन्मतः एका विकराची उणीव असते. अशा बालकास डांबरगोळ्यांत मुरलेल्या दुपट्यात गुंडाळल्यास त्याच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ उद्भवते. कापूरही पोटात गेल्यास मुलास झटके येतात. त्यापेक्षा वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून वरच्या खणात ठेवावेत, आणि उघडीप मिळताच कपड्यांना ऊन दाखवावे. शालू, पैठणी मलमलीत गुंडाळून वर्षातून दोनदा घडी बदलावी, अन्यथा जर घडीवरच तुटते.

राहिला प्रश्न वडीलधाऱ्यांच्या ट्रंकेचा. सुनेने आवरावयास घ्यावे आणि सासूबाईंनी प्रत्येक वस्तू हातातून काढून पुन्हा आत ठेवावी, हे दृश्य नवे नाही. ट्रंकेतील तांब्या-पितळेची भांडी, सासऱ्यांची टोपी, जुनी पत्रे यांचे मोल बाजारात नाही म्हणून ते नाहीच, असे ठरवण्याचा अधिकार धाकट्यांना नाही. त्यांच्या पश्चात भंगारवाल्यास बोलावणे तर सर्वथा अनुचित. ट्रंक त्यांचीच राहू द्यावी, मात्र ती जमिनीवरून उचलून पाटावर, भिंतीपासून वीतभर अंतरावर असावी. एखाद्या दुपारी नातवंडांना जवळ बसवून आजीने तीतील एकेक वस्तूची कथा सांगितली, तर पुष्कळदा आजीच पुढे होऊन निम्म्या वस्तू वाटून टाकते.

वाटण्याविषयीही विवेक हवा. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकपासून जवळच इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्या कुटुंबांना पुढे काही काळ कंटेनरच्या घरांत दिवस काढावे लागले. एका खोलीएवढ्या जागेत मुलाबाळांसह संसार मांडणाऱ्या कुटुंबास काय द्यावे, याचा विचार देणाऱ्याने करावयाचा असतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग निरुपयोगी होऊन पडले होते. ‘गूंज’ या संस्थेने ते गोळा करून, निवडून, पुन्हा उपयोगात आणले. आपल्या माळ्यावरची अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकण्यास दान म्हणता येणार नाही. द्यावयाचा कपडा धुतलेला, वाळलेला आणि गुंड्या शाबूत असलेला असावा. मुलांचे कपडे वयानुसार निराळे बांधावेत, गठ्ठ्यावर वयाची चिठ्ठी लावावी, आणि बांधण्यापूर्वी प्रत्येक कपडा एकदा उन्हात झटकून घ्यावा.