वाकळ आणि चीवर

(वर्षावासाच्या कार्यक्रमात विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने भाषणाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही 'वाकळ' असे सांगितले. दोन-तीन तरुण हसले. वर्षावासात कुणी अष्टांगिक मार्गावर बोलतो, कुणी मिलिंद प्रश्नावर, आणि हे गिरणीतले गृहस्थ गोधडीवर बोलणार! हसू द्या. आमचं शिक्षण दहावीपर्यंत. पुढं जे काही वाचलं ते रात्रपाळी संपल्यावर, ह्याच विहाराच्या कपाटातली पुस्तकं नेऊन. पण आमचा जन्म सूतगिरणीत, सुताच्या धुरळ्यात गेला. तेव्हा कापडाबद्दल दोन शब्द बोलायचा आम्हाला अधिकार आहे असं आम्ही समजतो.

आपल्या बारामती-इंदापूर भागात वाकळ कशी शिवतात हे इथल्या बायांना सांगायला नको, पण पोरांना सांगितलं पाहिजे. उन्हाळ्यात शेतातली कामं सरली की आमची आई अंगण सारवून घ्यायची. खाली एक धड लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांना चार दगड. त्यावर जुनी धोतरं, फाटकी लुगडी, सदऱ्यांच्या पाठी, सगळं उसवून, थर लावून पसरायचं. वर पुन्हा एक बरंसं लुगडं. मग शेजारच्या तिघी यायच्या, चौघी चार बाजूंना बसायच्या, आणि काठापासून धावदोरा सुरू व्हायचा. एक फेरा झाला की आतला फेरा, असं चौकोनात चौकोन करत मधोमध यायचं. टाका जवळजवळ पडला तरच थर सरकत नाहीत. थरांच्या मध्ये हवा कोंडून राहते, म्हणून ऊब येते. आणि शंभरदा धुतलेल्या सुती कापडासारखं मऊ नवं कापड कुठल्याच गिरणीत निघत नाही, हे आम्ही गिरणीवालेच सांगतो. दोरा म्हणून आम्ही उरलेलं सूत आणून द्यायचो. विकत आणलेलं बरं का, दुसरं शील आम्हालाही पाठ आहे.

शेवटचा टाका मिटायच्या आधी आई भाकरीचा एक तुकडा आत सारायची. वाकळीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणून. आम्ही तेव्हा नवे कार्यकर्ते. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा आम्ही तिला म्हणून दाखवल्या. ती म्हणाली, "द्येवाला न्हाय घातला रं, वाकळंला घातलाय." या बाबतीत आमचं आणि आईचं शेवटपर्यंत जमलं नाही. भाकरीनं वाकळीला उंदीर लागतात, एवढं तरी खरं आहे.

आता मुद्द्याचं. एकदा पुण्याहून चार कार्यकर्ते आमच्याकडे मुक्कामाला येणार होते. थंडीचे दिवस. आम्ही शेजारच्या आळीतून ब्लँकेटं मागून आणली आणि घरातल्या सगळ्या वाकळी माळ्यावर ढकलून दिल्या. चिंध्या दिसायला नकोत, लोक काय म्हणतील. आई बघत होती. ती काही बोलली नाही. पाहुणे गेल्यावर एक वाकळ खाली काढून तिनं आमच्यापुढं पसरली आणि बोट ठेवून सांगत गेली. हा तुझ्या बापाचा सदरा, मुंबईच्या गिरणीचा संप झाला त्या साली घालून आलेला. हे माझ्या माहेरचं लुगडं. आणि ह्याच्या आत, दिसत न्हाय तुला, तुझ्या आजीचं पांढरं लुगडं हाय.

मुंबईचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते, आणि त्यातले किती तरी आमच्या वडिलांसारखे ट्रंक घेऊन गावी परतले ते कायमचेच. आईचं माहेर भीमेकाठी, ते उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. त्या गावाचं आज आमच्याकडे काही असेल तर तो हातभर तुकडा. आणि आजीचं लुगडं होतं १४ ऑक्टोबर १९५६ चं. उधारीवर नवं पांढरं लुगडं घेऊन आजी-आजोबा रेल्वेनं नागपूरला गेले होते. दीक्षा घेतलेलं ते लुगडं आईनं मधल्या थरात घातलं, अंगाला लागून झिजू नये म्हणून. आम्ही माळ्यावर ढकललं ते हे.

आम्हाला लाज का वाटली? बंधूंनो, त्यालाही कारण आहे. आपल्या बापजाद्यांकडे महारकी होती. मेलेली ढोरं ओढायची, आणि मढ्यावरचं कापड हा म्हणे आपला हक्क! स्मशानातली वस्त्रं अंगावर घालायची वेळ ज्या समाजावर आली, त्याला चिंधीचा तिटकारा येणारच. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना सांगितलं की लुगडं नेसायची रीत बदला, कथलाचे नि चांदीचे जड दागिने टाका, स्वच्छ राहा. त्या बायांनी दुसऱ्या दिवसापासून तसं केलं. १९५८ च्या कायद्यानं महार वतनही गेलं. तेव्हा ठिगळ म्हणजे गुलामी, हे आमच्या डोक्यात घट्ट बसलेलं.

पण मग विनयपिटकातलं चीवराचं प्रकरण वाचनात आलं, आणि आम्ही गोंधळलो. तथागतांचे भिक्खू सुरुवातीला पांसुकूल चीवर घालत. म्हणजे काय, तर उकिरड्यावरची, स्मशानातली टाकून दिलेली वस्त्रं धुऊन, जोडून, शिवून केलेलं. म्हणजे जे आपल्यावर लादलं तेच त्यांनी आपणहून घेतलं? शाक्य कुळातले, श्रेष्ठींच्या घरातले लोक ते!

हा गुंता जीवकाच्या गोष्टीत सुटतो. जीवक वैद्यानं राजाकडून मिळालेलं उंची शिवेय्यक वस्त्र तथागतांना अर्पण केलं आणि गृहस्थांनी दिलेली वस्त्रंही संघानं घ्यावीत अशी विनंती केली. तथागतांनी ती मान्य केली. ज्याला हवं त्यानं पांसुकूल वापरावं, ज्याला हवं त्यानं गृहस्थानं दिलेलं घ्यावं. बघा, फरक चिंधीत नाही, 'ज्याला हवं' यात आहे. आपल्या आजोबांना कुणी विचारलं होतं का?

पुढं तथागतांनी मगधातली शेतं पाहिली, आखीव, बांधाबांधांची, आणि आनंदाला विचारलं, असं चीवर करता येईल का? आनंदानं ते करून दाखवलं. आजही भन्तेजींच्या अंगावरच्या चीवरात ते बांध दिसतील, त्यांची परवानगी घेऊन जवळून बघा. भिक्खूच्या आठ वस्तूंत सुई आहे, ती उगाच नाही.

कोसंबीची हकीकत तर आम्ही आईला दोनदा वाचून दाखवली. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. राजा रागावला, एवढ्या वस्त्रांचं हा करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना वाटू. आणि जुन्यांचं? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरुणं, अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडायची फडकी. आणि फडकी फाटली की कुटून चिखलात कालवून जमीन लिंपायची. राजानं खूश होऊन आणखी पाचशे दिली. आई म्हणाली, "ह्यो आनंद आपल्याच घरातला दिसतोय."

धम्मपदाच्या अट्ठकथेत अनुरुद्ध थेरांचं चीवर शिवण्याचा प्रसंग आहे. एका टोकाला महाकस्सप शिवायला बसले, मध्ये सारिपुत्त, दुसऱ्या टोकाला आनंद. संघ दोरा वळतो आहे, आणि सुईत दोरा ओवतो आहे कोण, तर स्वतः तथागत. आमच्या अंगणातल्या चौघी आम्हाला आठवल्या. जपानच्या काही झेन विहारांत आजही चीवर हातानं शिवताना प्रत्येक टाक्याला मनात बुद्धाला शरण जातात. आपल्याकडं त्या चौघी सासरची, पावसाची, गेलेल्या पोराची गोष्ट काढत शिवायच्या. मध्येच एखादी गप्प व्हायची आणि तिचे टाके बारीक यायला लागायचे. हे ध्यान नव्हे असं आम्हाला कुणी पटवून द्यावं.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स नावाची बाई होती. जन्म १८३७ चा, गुलामीतला. तिनं आपल्या धर्मग्रंथातल्या कथा कापडाचे तुकडे लावून गोधडीवर शिवल्या. ती गोधडी १८८६ साली प्रदर्शनात मांडली गेली. पुढं गरिबीनं तिला पाच डॉलरला विकावी लागली. आज ती अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण आमच्या मनात राहिलं ते वेगळंच. विकल्यानंतर ती बाई आपल्या गोधडीला भेटायला पुन्हा पुन्हा त्या घरी जायची. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांचंही म्हणणं असतं, ते कापडावर उतरतं, आणि आपण ते बोहारणीच्या नजरेनं बघतो!

आमच्या आईला जाऊन काही वर्षं झाली. शेवटच्या आजारात ती गादीवर निजायची नाही, वाकळ चौघडी करून मागायची. महापरिनिर्वाणाच्या वाटेवर थकलेल्या तथागतांनीही आनंदाला आपली संघाटी चौपदरी घालायला सांगितली होती, हे आम्ही तिला सांगितलं नाही. तेव्हा सुचलं नाही.

आता थोडं कामाचं. येत्या उन्हाळ्यात विहाराच्या ओसरीवर वाकळी शिवायला बसायचं आमच्या महिला मंडळानं ठरवलंय. ज्यांना द्यायचे त्यांनी जुने सुती कपडे धुऊन द्यावेत. पॉलिस्टरच्या साड्या आणू नका, त्या घाम पीत नाहीत आणि दोऱ्याला धरत नाहीत. तुकडा कुणाचा, कुठल्या प्रसंगाचा, हे एका वहीत लिहून ठेवायचं काम हायस्कूलच्या मुलामुलींनी करावं. पुरुषांनी नुसता चहा पीत बसू नये, सुईत दोरा ओवता येतो.

आईची वाकळ आम्ही आज आणली आहे. तिथं टेबलावर ठेवलीय. बिनधास्त हात लावून बघा. पांढरं लुगडं आत आहे, ते दिसणार नाही. उजव्या कोपऱ्यात थोडं उंदरानं कुरतडलंय, तेवढं सांभाळून.

जयभीम.