अपघात हे नशीब नव्हे
(नवदीक्षित कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)

उपासक-उपासिकांनो,

त्रिशरण-पंचशील ग्रहण करताना आपण नशिबाचाही त्याग केला आहे. तरीही खाणीत किंवा इमारतीवर माणूस दगावला, की 'त्याचे भोग होते' हे शब्द आपल्या घरांत अजून ऐकू येतात. दुःखाला कारण असते, असे तथागतांनी सांगितले. कठडा नसणे, छताला आधार नसणे, ही ती कारणे होत. आणि ती दूर करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे.

एका विधवा भगिनीचे प्रकरण माझ्याकडे आले होते. तिचा पती कोळशाच्या खाणीच्या आवारात संरक्षक भिंत बांधताना मातीखाली गाडला गेला. ठेकेदार म्हणाला, हा खाणीचा मजूर. खाणीचे अधिकारी म्हणाले, हे बांधकाम, आमचा संबंध नाही. वस्तुतः १९५२ चा खाण कायदा ज्या कामास लागू होता, ते काम १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने आपल्या कक्षेतून वगळलेच होते. तिला भरपाई मिळाली, पण चार वर्षांनी; कारण पतीच्या कामाचा एकही कागद तिच्याजवळ नव्हता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्ही कायद्यांची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तरी भेद उरलाच आहे. खाणीशी संबंधित बांधकाम 'बांधकाम' या व्याख्येत येत नाही. खाणीच्या सुरक्षेवर केंद्र सरकारची देखरेख असते. सामान्य खासगी इमारतीवर राज्याची. म्हणून तक्रार कोठे करावयाची, हे आधी ओळखा.

नेमणूकपत्र मागून घ्या. तो प्रत्येक कामगाराचा हक्क आहे. कामाचे ठिकाण, ठेकेदार व मूळ मालक यांची नावे घरी लिहून ठेवा आणि ती घरातील स्त्रियांनाही ठाऊक असू द्या. जीवितास धोका दिसताच मालकास व त्याच वेळी निरीक्षकास कळवा. हा अधिकार संहितेनेच दिला आहे. खाणीत १०० किंवा बांधकामावर २५० कामगार असतील, तर सुरक्षा अधिकारी नेमणे मालकास बंधनकारक आहे. तो कोण, हे विचारा. मालकाच्या कसुरीने मृत्यू घडल्यास होणाऱ्या दंडातील निम्म्याहून कमी नाही इतकी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ती मागावयास विसरू नका.

परमपूज्य बाबासाहेब मजूरमंत्री असताना, डिसेंबर १९४३ मध्ये, धनबादकडील कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले होते. कामगाराची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. आपणही डोळे उघडे ठेवून कामावर जाऊ या.

जय भीम!