एक दाखला राहून गेला
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा, असा निरोप होता. गोड आठवणी बाकीचे सांगतीलच. मी कोरोनाच्या काळातली एक सांगतो. तेव्हा मी सेक्रेटरी होतो.

मार्च २०२० मध्ये गेटवर नोटीस लागली, ‘घरकामाच्या बायकांना पुढील सूचनेपर्यंत प्रवेश बंद.’ खाली सही माझी. नोटीस तेव्हा गरजेचीच होती. पण त्या नोटिशीत पगाराचं काय, याबद्दल एक ओळही नव्हती. काहींनी घरबसल्या पगार दिला, काहींनी नाही. मी पहिल्या महिन्याचा दिला आणि पुढे हात आखडता घेतला. आज सगळ्यांसमोर कबूल करतो.

त्याच काळात माझ्या मुलाच्या वर्कशॉपला मात्र सरकारी मदत मिळाली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते थांबवण्याची सवलत दिली. ही माफी नव्हती, व्याज चालूच होतं. पण श्वास घ्यायला वेळ मिळाला. मग केंद्राची ३ लाख कोटींची तातडीची कर्जहमी योजना आली. फेब्रुवारीअखेर जेवढं कर्ज बाकी, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज, तेही नवं तारण न देता. बँकेतूनच फोन आला, “साहेब, येऊन सही करून जा.” का? तर मुलाचं नाव बँकेच्या खात्यात आधीपासून होतं.

आता दुसरी बाजू. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. राज्य सरकारने निर्बंधांबरोबर ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये. रेशनवर महिनाभर ३ किलो गहू, २ किलो तांदूळ मोफत. शिवभोजन थाळीही मोफत.

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी मला विचारलं, “दादा, टीव्हीवर दीड हजार सांगत्यात. आमचे कधी येणार?” मी चौकशी केली. मेख एका शब्दात होती: ‘नोंदणीकृत’. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा आपल्या राज्यात २००८ पासून आहे. पण मावशींची नोंदच नव्हती. आणि नोंदणीसाठी काय लागतं? वयाचा, राहण्याचा पुरावा आणि ज्या घरी काम करतात त्या घरमालकाचा दाखला.

म्हणजे माझा दाखला! मावशी आमच्याकडे अकरा वर्षं येत होत्या. एवढ्या वर्षांत तो कागद मी दिला नाही. त्यांनी मागितला नाही, मला सुचलं नाही. सरकारला नावं ठेवणं सोपं आहे. इथं आडवा मीच आलो होतो.

रिक्षावाल्यांचंही तसंच. परवाना ज्याच्या नावावर त्याला पैसे. भाड्याने रिक्षा चालवणारा कोरडाच. याउलट जून २०२० च्या पीएम स्वनिधी योजनेत एक चांगली सोय होती. सर्वेक्षणात नाव नसलेल्या भाजीवाल्यालाही नगरपरिषदेच्या शिफारसपत्रावर १०,००० रुपयांचं कर्ज मागता येत होतं. एका पत्राने वाट मोकळी होते, ती अशी.

संकट पुन्हा येईल तेव्हा यादी करायला वेळ नसेल. जी यादी तयार असेल, तिच्यावरच पैसे येतील. म्हणून आजच्या दिवशी एक मागणं आहे. देवळाली प्रवरेत आपल्या भिंती ज्यांनी उभ्या केल्या, ज्या आपली घरं झाडतात, जे रात्री गेटवर बसतात, त्यांच्यासाठी एक रविवार द्या. सोसायटीच्या हॉलमध्ये टेबल मांडू. ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू आहे. आधार, त्याला जोडलेला मोबाईल आणि बँक पासबुक एवढ्यावर काम होतं. आपली शिकलेली मुलं फॉर्म भरतील. आणि घरेलू कामगारांचा दाखला प्रत्येक घराने आपल्या सहीने द्यायचा.

पहिला दाखला मी आजच लिहून आणलाय. मावशी मागच्या रांगेत बसल्यात. उशीर झाला, मावशी. पण घ्या.