ऊर्जेची उतरंड
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पूर्वी आपल्या घरोघरी उतरंड असे. सर्वांत मोठे मडके तळाशी आणि त्यावर क्रमाने लहान होत गेलेली मडकी. निसर्गातील अन्नसाखळीची रचना नेमकी अशीच आहे. ती पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच वाशिम जिल्ह्यात २००० साली घोषित झालेले कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. सुमारे १८ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश म्हणजे घनदाट अरण्य नव्हे. ते मुख्यतः गवताळ माळरान आहे.

माळावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातील जेमतेम एक टक्का ऊर्जा गवताच्या देहात साठते. काळवीट ते गवत खातो. पण त्यातील बराच भाग श्वसन, धावणे व शरीराची ऊब यांत खर्च होतो, तर काही न पचता लेंडीवाटे बाहेर पडतो. पुढच्या पायरीला मिळतो तो सरासरी एक दशांश. रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने एका तळ्याचा अभ्यास करून १९४२ साली या हिशेबाची शास्त्रीय मांडणी केली. गवतात हजार भाग ऊर्जा असेल, तर काळविटांत शंभर आणि त्यांवर जगणाऱ्या लांडग्यात अवघे दहा भाग उरतात. म्हणूनच लांडगे थोडे, हरणे अधिक आणि गवत विपुल असावे लागते.

लेंडी, पाचोळा व मृत देह यांवर वाळवी, शेणकिडे, बुरशी आणि जिवाणू जगतात व त्यांतील क्षार मातीला परत करतात. द्रव्य असे फिरून येते. ऊर्जा मात्र उष्णतेच्या रूपाने निघून जाते, ती परतत नाही. म्हणून रोज नवा सूर्यप्रकाश साठवावा लागतो, आणि ते सामर्थ्य हिरव्या पानाचेच.

माळ नांगरला गेला, अतिचराईने उघडा पडला किंवा वणव्यात जळाला, की उतरंडीचे तळाचे मडकेच फुटते. वर्षभराची साठवण काही तासांत राख होते. गवत कमी पडले की कळप हरभऱ्या-तुरीच्या शेतांकडे अधिकच वळतात. शेतकऱ्याच्या तोंडचा घास जातो आणि त्याचा रोष मुक्या जीवावर निघतो. वास्तविक दोघेही निरपराध आहेत. दोष आहे तो गवताळ जमिनीला ‘पडीक’ म्हणणाऱ्या आपल्या दृष्टीचा.

जैन विचाराने वनस्पतीलाही एकेंद्रिय जीव मानले आहे. पंचेंद्रिय हरणाविषयीची आपली करुणा त्या एकेंद्रिय पात्यापासून सुरू व्हावी. गावचे गायरान राखणे, बी झडल्यावरच गवत कापणे आणि माळाला आग न लावणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. तळ सांभाळला, तर वरची मडकी आपोआप सावरतील.